ड्रमवादकांची थोरवी ठरवण्याआधी : साठच्या दशकातील पॉप संगीत नव्याने ऐकणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

रिंगो स्टार हा खरोखर गुणी ड्रमवादक होता, की नशिबाने जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन या तीन प्रतिभावंतांच्या पाठीमागे जाऊन बसलेला माणूस होता, हा प्रश्न बीटल्स या इंग्लिश गटाची गाणी ऐकणाऱ्या कोणत्याही चार माणसांत पहिल्या तासाभरात निघतोच. त्याच्यामागोमाग चार्ली वॉट्स, कीथ मून, जिंजर बेकर, जॉन बॉनहॅम ही नावे येतात आणि हळूहळू आवाज चढू लागतात. नव्याने हे संगीत ऐकू लागलेल्या माणसाची अशा वेळी पंचाईत होते, कारण सगळेच ठामपणे बोलत असतात आणि कोणाचे म्हणणे कशावर उभे आहे, हे कळायला मार्ग नसतो.

मी स्वतः या वाटेने गेलो आहे. पुण्यात एका स्नेह्यांच्या घरी दर महिन्याला आम्ही पाच-सहा जण रेकॉर्डी ऐकायला जमत असू. तिथे एकदा बीटल्सच्या पहिल्या अल्बममधील ‘लव्ह मी डू’ लावून मी रिंगोच्या संयमी ठेक्यावर बराच वेळ बोललो. माझे बोलणे झाल्यावर आमच्यातल्या एका ज्येष्ठ श्रोत्यांनी शांतपणे विचारले, “या मुद्रणात खंजिरी ऐकू येते आहे का?” येत होती. ज्या मुद्रणात खंजिरी आहे, त्यात ड्रमवर रिंगो नाही. तो खंजिरी वाजवतो आहे आणि ड्रमवर अँडी व्हाइट नावाचे व्यावसायिक वादक आहेत. त्या संध्याकाळपासून मी एक नियम पाळत आलो आहे : गुणदोषांविषयी बोलण्याआधी वाजवले कोणी आणि गाण्याने वादकाकडे मागितले काय, या दोन गोष्टी पक्क्या करायच्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या या नियमातूनच आलेल्या आहेत.

लागणारे साहित्य

- बऱ्यापैकी हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरवर बास ड्रम जवळजवळ नाहीसा होतो आणि अर्धे वादन तिथेच हरवते.
- गाण्याची नेमकी आवृत्ती. केवळ गाण्याचे नाव पुरत नाही. सिंगल (दोन बाजूंना एकेक गाणे असलेली छोटी रेकॉर्ड), अल्बम, नंतरचा संग्रह यांपैकी कोणते मुद्रण आहे, ते लिहून ठेवा.
- एक वही. तीत तारीख, मुद्रण, मिनिट-सेकंद आणि ऐकलेली गोष्ट, असे चार रकाने आखा.
- एक टेबल, दोन हात आणि उजवा पाय.
- शक्य असल्यास तबला किंवा ढोलकी वाजवणारा एखादा मित्र. त्याला इंग्रजी पॉप संगीताची ओळख नसली तरी चालेल. लय कुठे ढळली, हे तो तुमच्याआधी सांगेल.

पायरी १ : प्रश्न सुटा करा

“सर्वांत थोर ड्रमवादक कोण?” या एका प्रश्नात चार वेगवेगळे प्रश्न कोंबलेले असतात. हातापायाची तयारी कोणाची जास्त? लय कोणाची पक्की आणि गोड? गाण्याला साथ कोणाची चांगली? आणि कोणामुळे सर्वाधिक मुलांनी हातात काठ्या घेतल्या? या चारही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात, आणि बहुतेक भांडणे एकाने पहिला प्रश्न मनात धरून बोलावे आणि दुसऱ्याने चौथा प्रश्न मनात धरून उत्तर द्यावे, यातून उद्भवतात. केवळ तयारी पाहायची, तर जाझमधील बडी रिच यांच्यापुढे साठच्या दशकातील पॉप वादकांपैकी फारच थोडे टिकतील. प्रभावाच्या कसोटीवर मात्र रिंगोला डावलताच येत नाही.

ड्रमवादकाला तारा मानण्याची प्रथा बीटल्सपासून सुरू झाली, हा समजही या पायरीवरच सोडून द्या. बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदातील जीन क्रूपा यांना १९३०च्या दशकातच सिनेनटासारखी लोकप्रियता मिळाली होती. १९३७ साली मुद्रित झालेल्या ‘सिंग, सिंग, सिंग’मधील त्यांचे टॉम या खोल आवाजाच्या ड्रमवरचे वादन ऐकले, की मागे बसणारा वादक पुढे कसा आला, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पायरी २ : वाद्यसंच ओळखा आणि टेबलावर ठेका धरून पाहा

पायाने वाजतो तो मोठा, घुमणारा बास ड्रम. गुडघ्यांच्या मध्ये असतो तो स्नेअर. त्याच्या खालच्या बाजूला तारा ताणलेल्या असतात, म्हणून त्याचा आवाज ‘टाक’ असा करकरीत येतो. डाव्या पायाने उघडझाप होणाऱ्या दोन थाळ्या म्हणजे हाय-हॅट. त्याखेरीज टॉम आणि सिंबल, म्हणजे मोठ्या थाळ्या. एवढी ओळख सुरुवातीला पुरेशी आहे.

आता टेबलापाशी बसा. उजव्या हाताने एकसारखे आठ ठोके मोजा. पहिल्या आणि पाचव्या ठोक्याला उजवा पाय जमिनीवर आपटा, तिसऱ्या आणि सातव्या ठोक्याला डाव्या हाताने जोरात वाजवा. हा डाव्या हाताचा ठोका म्हणजे बॅकबीट. रॉक आणि पॉप संगीताचा बहुतांश डोलारा त्याच्यावर उभा आहे. पाच मिनिटे न थांबता हे करून पाहा. तिसऱ्या मिनिटाला तुमची लय नकळत चढू लागेल, आणि “त्याने तर साधा ठेकाच वाजवला आहे” हे वाक्य तुमच्या तोंडून पुन्हा सहज निघणार नाही.

यानंतर रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्स यांची एक लकब करून पाहा. बॅकबीटच्या क्षणी, म्हणजे डावा हात पडतो त्याच क्षणी, उजवा हात हाय-हॅटवर न आपटता वर उचलायचा. त्यांच्या अनेक चित्रफितींत हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. त्यामुळे स्नेअरचा आवाज एकटा, मोकळा पडतो आणि ठेक्याला प्रत्येक वेळी श्वास घेतल्यासारखी बारीकशी जागा मिळते. वर्णन वाचून ती जागा कळत नाही, हाताला मात्र लगेच कळते.

इथेच आणखी एक गोष्ट शिकून घ्या. तबल्याची सवय असलेल्यांना तिस्र (तीन-तीनच्या गटांत चालणारी लय) आणि चतस्र (चार-चारच्या गटांत चालणारी) हा भेद ठाऊक असतो. १९५०च्या दशकातील रॉक अँड रोलमध्ये हे दोन्ही अंग एकमेकांवर घासत होते. जुन्या ऱ्हिदम अँड ब्लूजचा झुलता शफल ठेका तिस्र अंगाचा, तर नवा सरळ ठेका चतस्र अंगाचा. न्यू ऑर्लिन्सचे ड्रमवादक अर्ल पामर यांनी लिट्ल रिचर्ड यांच्या पियानोवरच्या सरळ, दणकट ठोक्यांना जुळवून घेताना आपला ठेकाही सरळ केला, आणि १९५७च्या ‘लुसिल’मध्ये तो पूर्ण रूपात ऐकू येतो. याउलट चक बेरी यांच्या १९५८च्या ‘जॉनी बी. गुड’मध्ये गिटार सरळ चालते आणि ड्रम अजून झुलत असतो. रिंगोची खासियत अशी, की तो बऱ्याचदा या दोन्हींच्या मधोमध वाजवतो. स्वरलिपीत ते लिहिता येत नाही. त्याची नक्कल करणारे कागदावरचे सगळे ठोके बरोबर वाजवतात, तरी गाणे तसे लागत नाही, ते यामुळेच.

पायरी ३ : एकच गाणे, तीन ड्रमवादक

या लेखातले एकच काम करायला तुमच्याकडे वेळ असेल, तर हे करा. ‘लव्ह मी डू’ हे गाणे १९६२ साली लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, म्हणजे ज्याला पुढे सगळे जग अ‍ॅबी रोड म्हणू लागले तिथे, तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेगवेगळ्या ड्रमवादकांनी वाजवले. तिन्ही मुद्रणे आज सहज मिळतात. गाणे तेच, गायक तेच, गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवणारे हात तेच. तुलना करण्यासाठी इतकी स्वच्छ सोय पॉप संगीताच्या इतिहासात फारशी कुठे मिळत नाही.

पहिले मुद्रण ६ जून १९६२चे. ड्रमवर पीट बेस्ट. हे १९९५ साली निघालेल्या ‘अँथॉलॉजी १’ या संग्रहात आहे. गाणे संथ चालते आणि मधल्या भागात ठेका बदलताना लय ढळते. त्या जागेवर तुमचे बोट टेबलावर अडखळेल. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी यानंतर व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांना सांगितले, की मुद्रणासाठी आपण व्यावसायिक ड्रमवादक घेऊ. १६ ऑगस्टला बेस्ट यांना गटातून काढले गेले आणि १८ ऑगस्टला रिंगो गटाचा सदस्य म्हणून पहिल्यांदा मंचावर बसला. लिव्हरपूलमधील चाहते यावर इतके संतापले, की त्या धक्काबुक्कीत जॉर्ज हॅरिसनचा डोळा काळानिळा झाला.

दुसरे मुद्रण ४ सप्टेंबरचे, ड्रमवर रिंगो. ५ ऑक्टोबर १९६२ रोजी निघालेल्या मूळ सिंगलवर हेच होते आणि आता ते ‘पास्ट मास्टर्स’ या संग्रहात ऐकता येते. यात खंजिरी नाही. ठेका मोकळा, किंचित सैल, पण चालता आहे.

तिसरे मुद्रण ११ सप्टेंबरचे. ड्रमवर अँडी व्हाइट, रिंगोच्या हातात खंजिरी. पहिल्या अल्बमवर हेच आहे. स्नेअर आवळलेला आणि नेमका, बास ड्रम बास गिटारच्या पावलावर पाऊल टाकणारा. त्याच दिवशी मुद्रित झालेल्या ‘पी. एस. आय लव्ह यू’मध्येही ड्रमवर व्हाइटच आहेत आणि रिंगो माराकास, म्हणजे खुळखुळे, वाजवतो आहे.

तिन्ही मुद्रणे एका पाठोपाठ एक, निदान चार वेळा ऐका. पहिल्या दोन वेळा काही लिहू नका. तिसऱ्या वेळी फक्त पाय ऐका, चौथ्या वेळी फक्त स्नेअर. माझे मत विचाराल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्रणांतील अंतर नेहमी सांगितले जाते त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, आणि पहिल्या व दुसऱ्या मुद्रणांतील अंतर पुष्कळ जास्त. पण माझे मत घेऊन बाहेर पडू नका, स्वतः ऐकून तुमचे मत बनवा.

सावधगिरी : या एका गाण्यावरून पीट बेस्ट यांच्याविषयी अखेरचा निकाल देऊ नका. १९६० ते १९६२ या काळात हँबर्गच्या क्लबांत रात्र-रात्र तास मोजून वाजवणारे तेच होते. मंचावरची तासन्‌तासांची दमछाक सोसणे आणि स्टुडिओतल्या मायक्रोफोनसमोर दोन-अडीच मिनिटे निर्दोष राहणे, ही दोन वेगळी कामे आहेत. बेस्ट यांना पहिल्या कामाची संधी दोन वर्षे मिळाली, दुसऱ्या कामाची जवळजवळ मिळालीच नाही.

पायरी ४ : मुखपृष्ठावरच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवू नका

साठच्या दशकात स्टुडिओचा वेळ महाग होता आणि कंपन्यांना तीन तासांत तीन-चार गाणी पदरात पडायला हवी असत. त्यामुळे मुखपृष्ठावर ज्याचा चेहरा आहे, त्याच्याऐवजी पगारी व्यावसायिक वादकाने ड्रम वाजवणे ही नेहमीची गोष्ट होती. लॉस एंजेलिसमध्ये हॅल ब्लेन हे त्यांतले सर्वांत व्यस्त नाव. १९६३च्या ‘बी माय बेबी’च्या आरंभीचा ‘धूम्, धूम्-धूम्, टाक’ हा ठेका त्यांचा. बर्ड्‌स या गटाच्या १९६५च्या ‘मिस्टर टँबोरिन मॅन’वर ड्रम त्यांचाच आहे, गटाचे ड्रमवादक मायकेल क्लार्क यांचा नव्हे. बीच बॉईजचे ड्रमवादक डेनिस विल्सन होते, पण ‘पेट साउंड्स’ या अल्बममध्ये बहुतांशी ऐकू येतात ते ब्लेनच. लंडनमध्ये किंक्सच्या १९६४च्या ‘यू रिअली गॉट मी’वर बॉबी ग्रॅहम यांनी ड्रम वाजवला आणि गटाचे मिक एव्हरी यांनी खंजिरी.

म्हणून प्रत्येक मुद्रणासाठी पुढील कागदांपैकी निदान एक शोधा :

- स्टुडिओची दिनवार नोंद. बीटल्सच्या बाबतीत संशोधक मार्क लुइसन यांनी मूळ फिती ऐकून केलेली नोंद १९८८ साली प्रसिद्ध झाली आणि तिने अनेक वर्षांच्या तोंडी वादांवर पडदा टाकला.
- अमेरिकेतील वादक संघटनेचे करारपत्र. त्या दिवशी कोण हजर होते आणि कोणाला किती पैसे मिळाले, हे त्यावर लिहिलेले असते.
- स्वतः वादकाची मुलाखत. ही तिसऱ्या क्रमांकावर ठेवा, कारण तीस वर्षांनंतरची आठवण प्रामाणिक असूनही चुकीची असू शकते.

चूक दोन्ही दिशांनी होते, हे ध्यानात ठेवा. गटात ड्रमवादक असूनही दुसऱ्या सदस्याने वाजवलेली गाणी पुष्कळ आहेत. ऑगस्ट १९६८मध्ये रिंगो वैतागून काही दिवस गट सोडून गेला होता, तेव्हा ‘बॅक इन द यू.एस.एस.आर.’ आणि ‘डिअर प्रूडन्स’ या गाण्यांत पॉल मॅकार्टनीने ड्रम वाजवला. स्टोन्सच्या ‘यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट’वर चार्ली वॉट्स नाहीत, निर्माते जिमी मिलर आहेत. वॉट्स यांची महती सांगताना हेच गाणे लावणारे लोक मी पाहिले आहेत.

मराठी वाचकाला हे वास्तव नवे वाटू नये. मुंबईच्या चित्रपट-संगीतात गोव्याच्या आणि पारशी वादकांनी अक्षरशः हजारो गाणी सजवली. कावस लॉर्ड आणि त्यांचे चिरंजीव केरसी लॉर्ड यांच्यासारख्यांचे तालवाद्यांचे काम घराघरांत पोहोचले, पण रेकॉर्डीच्या वेष्टनावर त्यांची नावे छापली जात नसत. तिकडच्या अँडी व्हाइट यांचे नाव शोधताना मला इकडची ही नावेही नव्याने शोधावीशी वाटली, आणि तुम्हालाही शोधावीशी वाटली तर मला आनंद होईल.

पायरी ५ : साथ आणि एकल वादन यांची तुलना करू नका

तबल्याच्या मैफलीत आपण हा भेद आपोआप करतो. लेहऱ्यावर पेशकार, कायदे, रेले मांडणारा वादक आणि ख्यालाला विलंबित ठेका धरून बसलेला वादक यांना आपण एकाच मापाने मोजत नाही. उलट विलंबित एकतालाचा ठेका अर्धा तास भरीव ठेवणाऱ्याला जाणकार मान डोलावून दाद देतात. मग ड्रमवादकाच्या बाबतीत आपण हा विवेक का सोडून द्यावा?

क्रीम या गटात जिंजर बेकर यांना स्वतंत्र वादनासाठी मुद्दाम जागा दिली जात असे. १९६६च्या ‘टोड’मध्ये ती ऐकता येते. लेड झेपेलिनच्या १९६९च्या पहिल्या अल्बमवरील पहिल्याच गाण्यात जॉन बॉनहॅम एकाच पेडलवर, एकाच पायाने, बास ड्रमचे असे जलद जोडठोके काढतात, की अनेकांना तिथे दोन बास ड्रम असल्याचा भास होतो. कीथ मून तर ठेका धरण्याऐवजी द हूच्या गाण्यांत गायकाच्या बरोबरीने बोलत राहतात, आणि त्या गटात लय धरून ठेवण्याची जबाबदारी बऱ्याचदा पीट टाउनशेंड यांच्या गिटारवर येऊन पडते. मून यांना बीटल्समध्ये बसवले असते तर गाणी कोलमडली असती, आणि रिंगोला द हूमध्ये बसवले असते तर ती गाणी निम्मी रिकामी वाटली असती. यात कोणाचाही कमीपणा नाही.

रिंगोची साथ जोखण्यासाठी त्याचे भराव ऐका, म्हणजे दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेत तो काय भरतो, ते ऐका. ‘अ डे इन द लाइफ’मध्ये लेननच्या ओळी संपतात तिथे टॉमवरचे सैल, खोल ठोके येतात आणि गाण्यातल्या विषण्णतेला वजन देतात. रिंगो जन्मतः डावखुरा, पण वाद्यसंच उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेला. त्यामुळे डाव्या टॉमकडून उजवीकडे जाणारा सरळ भराव त्याला सोयीचा नव्हता. हात अडनिड्या क्रमाने जात आणि ठोक्यांच्या मध्ये एक अनपेक्षित फट पडे. टेबलावर तीन वाट्या पालथ्या घालून डाव्या हाताने आरंभ करत डावीकडून उजवीकडे भराव वाजवून पाहा. दुसऱ्या वाटीपाशी हात एकमेकांत अडकतील, आणि रिंगोची ती फट कुठून आली, हे तुमच्या मनगटाला कळेल.

सावधगिरी : प्रत्येक चांगल्या कल्पनेचे श्रेय ड्रमवादकाला देऊ नका. १९६५च्या ‘तिकिट टू राइड’मधला तुटक ठेका फार नावाजला जातो, पण रिंगोने तो कसा वाजवावा हे पॉलने सुचवले होते, असे लेननने सांगितले आहे. सुचवणे आणि ते गाणेभर पेलून धरणे, ही दोन वेगळी श्रेये वहीत वेगळी लिहा.

पायरी ६ : मुद्रणाची परिस्थिती पाहा

१९६३च्या आरंभी बीटल्सची मुद्रणे दोन ट्रॅकवर, म्हणजे सगळे आवाज फितीच्या दोनच पट्ट्यांत बसवून, होत होती. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी त्यांनी एका दिवसात पहिल्या अल्बमसाठी दहा गाणी मुद्रित केली. कानात लय मोजून देणारा क्लिक नाही, चुकलेला ठोका नंतर दुरुस्त करायची सोय नाही. रिंगोच्या चुकीमुळे थांबवावे लागलेले टेक, म्हणजे मुद्रणाचे प्रयत्न, त्यांच्या फितींवर फारच थोडे आहेत, आणि मला स्वतःला हा त्याच्या बाजूचा सर्वांत मजबूत पुरावा वाटतो.

आवाजाचा पोतही वादकाच्या नावावर डोळे मिटून लिहू नका. १९६६ साली ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी रिंगोच्या बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन तोवरच्या रिवाजापेक्षा बराच जवळ आणला. तेव्हापासून बीटल्सचा ड्रम अंगावर आल्यासारखा वाटू लागतो. बॉनहॅम यांचा ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधला प्रचंड आवाज हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या प्रवेशदालनात जिन्याच्या पायथ्याशी ड्रम ठेवून आणि मायक्रोफोन जिन्यावर वर टांगून मिळवलेला आहे. हात बॉनहॅम यांचे, पण घुमारा त्या जिन्याचाही.

पायरी ७ : लोकप्रियता वेगळ्या तराजूत तोला

९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेत एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात बीटल्स आले, तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिले. रिंगो उंच चौथऱ्यावर बसला होता, बास ड्रमवर लडविग कंपनीचे नाव ठळक दिसत होते, आणि पुढच्या काळात त्या कंपनीच्या ड्रमची मागणी कारखान्याला पुरवता येईना इतकी वाढली. ४ एप्रिलला बिलबोर्ड या अमेरिकी साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीतली पहिली पाचही स्थाने बीटल्सची होती. हे आकडे प्रसिद्धीचे आहेत, वादनाच्या दर्जाचे नाहीत; पण चौथा प्रश्न, म्हणजे प्रभावाचा, याच आकड्यांवर सोडवायचा असतो.

टाळ्या आणि किंकाळ्या पुराव्यात धरू नका, याचे एक ठोस कारण आहे. जून १९६४मध्ये घशाच्या विकाराने रिंगो रुग्णालयात होता, तेव्हा जिमी निकोल या वादकाने डेन्मार्क, नेदरलँड्स, हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलियातील काही कार्यक्रमांत त्याची जागा घेतली. किंकाळ्या तसूभरही कमी झाल्या नाहीत. पुढल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९६५ रोजी, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५,६०० श्रोते जमले. मंचावर वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर नव्हते. अशा कार्यक्रमांत गाणे कुठवर आले, हे रिंगो पुढच्या तिघांच्या पाठी आणि डोकी कशी हलतात ते पाहून ठरवत असे. या काळातल्या मंचीय मुद्रणांवरून कोणाच्याही बारकाव्यांविषयी निर्णय देणे अन्यायाचे आहे.

प्रसिद्धीमुळे झालेला उलटा अन्यायही पाहा. हनीकोम्ब्ज या इंग्लिश गटाचे ‘हॅव आय द राइट’ १९६४ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्यांच्या ड्रमवर हनी लँट्री ही तरुणी होती. ती केवळ लक्ष वेधण्यासाठी बसवलेली आहे, असा संशय तेव्हा सर्रास घेतला गेला. गाणे लावा आणि ड्रम ऐका. मंचावरच्या स्त्रीकडे पाहून असा संशय घेण्याची सवय आजही गेलेली नाही, म्हणून हा मुद्दा मी आग्रहाने मांडतो आहे. दुसऱ्या टोकाला मंकीज. तो गट दूरचित्रवाणी मालिकेसाठी १९६६ साली जमवलेला होता. अभिनेता म्हणून निवडलेल्या मिकी डोलेन्झ यांना ड्रमवादकाची भूमिका मिळाली आणि त्यांनी ते वाद्य शिकून घेतले. पहिल्या अल्बमवरून त्यांचे वादन जोखू नका, कारण तिथे ड्रम इतरांचा आहे.

पायरी ८ : ऐकीव वाक्ये तपासा

“रिंगो जगातला तर सोडाच, बीटल्समधलाही सर्वोत्तम ड्रमवादक नव्हता,” हे वाक्य लेननच्या तोंडी घालून तुमच्यासमोर कोणीतरी नक्की ठेवील. लेननने ते म्हटलेले नाही. लेननची हत्या ८ डिसेंबर १९८० रोजी झाली, आणि या वाक्याचा सापडलेला सर्वांत जुना माग १९८१ सालच्या बीबीसी रेडिओवरील एका विनोदी कार्यक्रमापर्यंत जातो. १९८३मध्ये जास्पर कॅरट या विनोदकाराने ते दूरचित्रवाणीवर वापरले. उत्तर देताना आवाज चढवू नका, या तीन तारखा सांगा.

पायरी ९ : तुमचे म्हणणे असे मांडा

एक मुद्रण, एक जागा, एक दावा. “रिंगो थोर आहे” असे न म्हणता “या मुद्रणात, या सेकंदाला, त्याने हे केले आणि त्यामुळे गाण्याला हे मिळाले” असे म्हणा, आणि ती जागा समोरच्याला लगेच ऐकवा. त्याचे उत्तरही वहीत लिहून घ्या. नमुन्यादाखल माझ्या वहीतली एक नोंद देतो.

मुद्रण : ‘रेन’, १९६६, ‘पेपरबॅक रायटर’ या सिंगलची मागची बाजू. वादक : रिंगो, शंका नाही, आपले सर्वांत आवडते वादन म्हणून तो स्वतः याच गाण्याचे नाव घेतो. ऐकलेले : ओळींच्या मध्ये स्नेअरवर तुटक, चपळ भराव, आणि शेवटाकडे गाणे थांबून पुन्हा उचलले जाते तिथे ड्रम एकटा पडतो. दावा : ही तयारीची कमतरता असलेल्या माणसाची करामत असूच शकत नाही. आलेले उत्तर : मूळ वादन जलद करून मग फीत संथ केलेली आहे, त्यामुळे ड्रम जड आणि खोल वाटतो, ती किमया फितीची. माझी दुरुस्ती : आवाजाच्या खोलीचे श्रेय मागे घेतले. परंतु फीत संथ केलेली असेल, तर ते भराव त्याने प्रत्यक्षात आपण ऐकतो त्याहूनही जलद वाजवले होते. पुढच्या बैठकीत हा भाग पुन्हा लावायचा आहे, आणि तबला वाजवणाऱ्या मित्राला मुद्दाम बोलवायचे आहे.